बासमती तांदूळ : वास कीं लांबी?

पदार्थाचें नांव एका गुणावरून पडावें आणि त्याची किंमत मात्र दुसऱ्याच गुणावर ठरावी, असा प्रकार बाजारांत पुष्कळ वेळां आढळतो. बासमती तांदूळ हें त्याचें ठळक उदाहरण होय. 'बास' म्हणजे वास; ज्याच्या ठिकाणीं वास आहे तो बासमती, हा या नांवाचा उघड अर्थ आहे. परंतु परवां एका वाण्याच्या दुकानीं आम्ही उभे असतां जीं चार गिऱ्हाइकें आलीं, त्यांपैकीं प्रत्येकानें तांदूळ तळहातावर घेऊन दाण्याची लांबी पाहिली, तुकडे किती तें पाहिलें, रंग पाहिला, भाव विचारला. पण ती मूठ नाकाशीं नेऊन हुंगण्याची बुद्धि एकालाही झाली नाहीं. आम्हीही त्यांतलेच. घरीं भात शिजला, पानांत वाढला, सुईसारखीं शितें एकमेकांपासून सुटीं पडलीं. सर्वांनीं वाहवा केली. घरांतल्या वृद्ध आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, "भात दिसतो छान हो, पण शिजल्याचें ओटीवर कळलें नाहीं!"

त्या एका वाक्यानें आम्हांस विचारांत पाडलें. ज्या तांदळाचें नांवच वासावरून पडलें, त्याचा वास उणावला तरी त्याच नांवानें व त्याच चढ्या भावानें तो विकला जातो, हें कसें घडलें? या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें असतां बासमतीचा सारा इतिहासच डोळ्यांपुढें उभा राहतो. तो थोडक्यांत सांगावा, आणि वासाची जागा लांबीनें कोणत्या पायरीवर घेतली तें दाखवावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

सुवासिक तांदळाची आवड आपल्या देशांत आजकालची नव्हे. चरकसंहितेंत शालींच्या ज्या जाती सांगितल्या आहेत त्यांत 'सुगंधक' या नांवाची एक जात आहे. सातव्या शतकांत ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू नालंदा येथें राहिला होता, तेव्हां त्यास रोज 'महाशालि' तांदूळ देण्यांत येत असे. त्याच्या चरित्रांत या तांदळाचें वर्णन आहे: दाणा मोठा, शिजल्यावर सुवास असा कीं दुसऱ्या तांदळास नाहीं, तो पिके मगध देशांतच, आणि मिळे तो राजांना व थोर विद्वानांना. या लहानशा वर्णनांत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. वास, विशिष्ट भूमि, आणि खाणाराची प्रतिष्ठा. पुढें हजार वर्षांनीं बासमतीच्या भोंवतीं जो व्यवहार उभा राहिला, त्याचे तिन्ही खांब येथेंच दिसतात.

यानंतरचा मोठा पुरावा अकबराच्या दरबारांतला. अबुल फज्ल यानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-इ-अकबरी' हा ग्रंथ लिहिला, त्यांत धान्यांचे भाव मणामागें नोंदले आहेत. सर्वांत महाग ती 'मुश्किन' साळ, मणास ११० दाम. मुश्क म्हणजे कस्तुरी. तेव्हां ही कस्तुरीच्या वासाची साळ होय. सुखदास तांदूळ १०० दाम, देवजीरा ९० दाम, जिनजिन ८० दाम. आणि सर्वांत स्वस्त साठी, २० दाम. चाळीस दामांचा एक रुपया होत असे, म्हणजे कस्तुरीगंधी साळीचा मण पावणेतीन रुपयांस तर साठीचा आठ आण्यांस पडे. जी साठी वाग्भटानें व्रीहींमध्यें श्रेष्ठ म्हणून गौरविली, तीच येथें अगदीं तळाशीं गेली आहे! वैद्याची प्रतवारी पचनावर, बादशहाची वासावर. मुदपाकखान्यासाठीं कोणता माल कोठून येई हेंही अबुल फज्ल सांगतो: सुखदास बहराइचहून, देवजीरा ग्वाल्हेरहून, जिनजिन राजौरीकडून. मात्र या यादींत बासमतीचें नांव नाहीं.

तें नांव आढळतें पंजाबांत. वारिस शाह यानें १७६६ मध्यें पुरें केलेल्या 'हीर' या प्रसिद्ध काव्यांत तांदळाच्या जाती सांगतांना बासमतीचा उल्लेख आला आहे, आणि तो या नांवाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख म्हणून सामान्यतः मानला जातो. या तारखेनें एका लोकप्रिय आख्यायिकेचा निकाल लागतो. अफगाणिस्तानचा अमीर दोस्त महंमद १८४० मध्यें इंग्रजांस शरण आला आणि हिंदुस्थानांत नजरकैदेंत राहिला; त्याला येथील भात रुचेना, म्हणून त्यानें आपल्या देशांतून बियाणें आणवून डेहराडूनच्या खोऱ्यांत पेरविलें आणि तेथून बासमती जन्मास आला, अशी ती कथा आहे. कथा गोड आहे. परंतु अमीर येथें येण्यापूर्वीं चौऱ्याहत्तर वर्षे पंजाबी कवीच्या तोंडीं बासमतीचें नांव होतें. तेव्हां अमिराच्या पदरीं फार तर डूनच्या तांदळाची कीर्ति वाढविल्याचें श्रेय टाकतां येईल. 'डेहराडुनी' या नांवाला पुढें जी प्रतिष्ठा आली ती खरी होती. पण ज्या शेतांनीं ती मिळविली त्यांपैकीं पुष्कळ शेतें आज घरांखालीं व रस्त्यांखालीं गेलीं आहेत. डेहराडून हें २००० सालीं नव्या राज्याची राजधानी झालें, तेव्हांपासून हा वेग अधिकच वाढला.

विसाव्या शतकांत बासमती शेतकऱ्याच्या कोठारांतून शास्त्रज्ञाच्या हातीं आला. लाहोरजवळ काला शाह काकू येथें १९२६ मध्यें भातसंशोधनाचें केंद्र स्थापन झालें. त्या काळीं शेतांत बासमती म्हणून जें पीक उभें राही, तें एका जातीचें नसे. उंच, ठेंगणीं, लांब दाण्याचीं, आंखूड दाण्याचीं अशीं नाना तऱ्हेचीं रोपें त्यांत मिसळलेलीं असत. सरदार महंमद खान यांनीं या मिश्रणांतून निवड करून जी एक शुद्ध जात काढली, ती १९३३ मध्यें 'बासमती ३७०' या रूक्ष नांवानें प्रसृत झाली. नांव रूक्ष, पण गुण असा कीं पुढें अर्धें शतक बासमती कसा असावा हें ठरविण्याची कसोटी हाच तांदूळ होऊन बसला. १९४७ मध्यें फाळणी झाली. केंद्र पाकिस्तानांत राहिलें, पण बियाण्यास सरहद्द कोठून कळणार? अमृतसरकडे आणि लाहोरकडे, दोन्ही बाजूंस तेंच ३७० पिकत राहिलें.

आतां या तांदळाचे गुण कोणते तें पाहूं. पहिला गुण वास. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनीं १९८३ च्या सुमारास या वासाचें मुख्य द्रव्य हुडकून काढलें. त्यास '२-असिटिल-१-पायरोलिन' असें लांबलचक नांव आहे. कोंकणांत कित्येक घरीं परसांत केवड्याच्या कुळांतील एक सुवासिक पान लावतात आणि साध्या भातांत घालतात. त्या पानांतही हेंच द्रव्य असतें, म्हणूनच त्याचा वास बासमतीसारखा येतो. २००५ मध्यें या वासाचें मूळही सांपडलें. साध्या तांदळांत एक पाचक द्रव्य असतें, तें या सुवासाचा कच्चा माल दुसरीकडे वळवून टाकतें. सुवासिक तांदळांत त्या द्रव्याचें बीजच मोडलेलें असतें, त्यामुळें सुवास सांचून राहतो. म्हणजे ज्याला आपण गुण म्हणतों तो वस्तुतः एका उणिवेचें फळ आहे. सृष्टीच्या या विनोदाचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

दुसरा गुण लांबी. परंतु येथें लांबी म्हणजे कच्च्या दाण्याची केवळ लांबी नव्हे. बासमतीचा खरा चमत्कार चुलीवर दिसतो. इतर तांदूळ शिजतांना चहूं बाजूंनीं फुगतात. हा आडवा फारसा फुगत नाहीं, उभा वाढतो, आणि जवळजवळ दुप्पट होतो. तिसरा गुण शिताचा पोत. बासमतींत अमायलोज नांवाचें पिष्ट सुमारें २० ते २५ टक्के, म्हणजे मध्यम प्रमाणांत असतें. म्हणून शीत मऊ असूनही चिकटत नाहीं, आणि सुटें असूनही टणक लागत नाहीं. हे गुण साधण्यास हवाही तशी लागते. कणसांत दाणा भरत असतां दिवस सौम्य आणि रात्री थंड असाव्या लागतात; आश्विन-कार्तिकांत हिमालयाच्या पायथ्याच्या मैदानांत तशी हवा मिळते. तेंच बियाणें उष्ण प्रदेशांत पेरल्यास पीक येतें, पण वास मंदावतो. महाशालि मगधांतच पिकतो असें जें चिनी यात्रेकरूस सांगण्यांत आलें, त्यांत केवळ अभिमान नव्हता.

यापुढें प्रतवारीचा प्रश्न येतो, आणि आमच्या मतें वासाची पीछेहाट येथेंच सुरू होते. गिरणींतून निघालेला तांदूळ चाळून त्याच्या प्रती पाडतात. अखंड दाणा तो साबूत. त्याखालीं सुमारें पाऊण दाण्याचा तिबार, अर्ध्याच्या आसपासचा दुबार, त्याहून लहान मोगरा, आणि शेवटीं कणी. मोगरा हें नांव ऐकून पुष्कळ गृहिणींस ती एखादी निराळी सुवासिक जात वाटते. वस्तुतः तो तुटलेल्या दाण्याचा एक आकार आहे. आतां एकाच पोत्याच्या साळींतून निघालेल्या साबुताचा आणि दुबाराचा वास एकच असतो, चवही एकच असते. भावांत मात्र मोठें अंतर पडतें. तें अंतर केवळ लांबीचें मोल होय. निर्यातीसाठीं १९७९ मध्यें सरकारनें बासमतीच्या प्रतींचे नियम केले आणि खास, अ व ब अशा पायऱ्या बांधून दिल्या. २००३ च्या निर्यात-नियमांत दाण्याची सरासरी लांबी निदान ६.६१ मिलिमीटर, लांबी रुंदीच्या निदान साडेतीन पट, आणि शिजल्यावर निदान १.७ पट वाढ, अशीं मापें ठरलीं. देशांतील विक्रीसाठीं २०२३ च्या ऑगस्टपासून जीं मानकें लागू झालीं, त्यांतही दाण्याचें माप व शिजल्यावरची वाढ यांचा विचार आहे. वासाच्या बाबतींत मात्र तांदळास बासमतीचा स्वाभाविक सुवास असावा आणि कृत्रिम सुगंध लावलेला नसावा, असें शब्दांनीं सांगितलें आहे. नियम करणारांचा यांत दोष काढतां येत नाहीं. लांबी मोजपट्टीनें मोजतां येते, दोन माणसांनीं मोजली तरी आंकडा एकच येतो. वास नाकागणिक बदलतो. पण जें सहज मोजतां येतें तेंच हळूहळू मोलाचें ठरतें, आणि जें सहज मोजतां येत नाहीं तें विसरलें जातें, हा मनुष्यव्यवहाराचा नियम येथेंही खरा झाला.

जुन्या तांदळाची गोष्टही अशीच आहे. बासमती एकदोन वर्षे मुरूं देतात, कारण जुना तांदूळ पाणी अधिक पितो, अधिक लांब होतो आणि सुटा शिजतो, नवा चिकटतो. 'जुनें तें सोनें' ही म्हण वाण्याच्या तोंडीं येथें शोभते. तथापि सुवास हें उडून जाणारें द्रव्य असल्यामुळें साठवणींत तो हळूहळू उणावतो. म्हणजे लांबी मिळवावयाची तर वासाचा कांहीं अंश खर्चीं घालावा लागतो. उकडून वाळविलेला 'सेला' तांदूळ मोडत नाहीं, मोठ्या पंक्तींच्या बिर्याणींत दगा देत नाहीं. पण त्याचाही वास कच्च्यापेक्षां मंद असतो.

या ओघाचा शेवट 'पुसा' तांदळांत झाला. ३७० चें रोप उंच असे, खत अधिक पडलें कीं वाऱ्यानें आडवें होई, आणि उत्पन्न थोडें देई. शेतकऱ्याचें पोट केवळ सुवासानें भरत नाहीं, हें विसरून चालणार नाहीं. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेनें १९८९ मध्यें ठेंगण्या रोपाचा 'पुसा बासमती १' काढला, तेव्हां बासमती पिकविणें परवडूं लागलें. पुढें २००३ मध्यें एक नवें वाण प्रसृत झालें. त्याचा कच्चा दाणा आठ मिलिमीटरांहून लांब, आणि शिजलेलें शीत वीस मिलिमीटरांच्या घरांत जाणारें! त्याचें पहिलें नांव 'पुसा सुगंध ४' असें होतें. परंपरागत बासमतीशीं त्याचें नातें दूरचें असल्यामुळें आरंभीं त्यास बासमती म्हणतां येईना; २००८ मध्यें व्याख्या बदलण्यांत आली आणि त्याचें नांव 'पुसा बासमती ११२१' झालें. इराणांत आणि आखाती देशांत त्याची मागणी अफाट वाढली; २०२३-२४ या एका वर्षांत हिंदुस्थानांतून ५० लाख टनांहून अधिक बासमती परदेशीं गेला, त्या व्यापाराच्या पायाशीं हें वाण आहे. हजारों शेतकरी कुटुंबांस त्यानें पैसा दिला, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र ज्यांनीं ३७० चा भात खाल्ला आहे ते एकमुखानें सांगतात कीं, नव्याचा वास जुन्याच्या पासंगास पुरत नाहीं. गंमत पाहा: 'सुगंध' हें नांव टाकून त्यानें 'बासमती' हें नांव घेतलें, अर्थ दोहोंचा एकच, आणि कीर्ति मिळविली ती लांबीची!

नांवास इतकें मोल आल्यावर त्याच्यासाठीं भांडणें होणारच. १९९७ मध्यें टेक्सासमधील राइसटेक या कंपनीनें बासमती जातीच्या तांदळांवर अमेरिकेंत पेटंट मिळविलें. हिंदुस्थाननें हरकत घेतली, आणि २००१ पर्यंत त्या कंपनीस आपल्या वीस दाव्यांपैकीं बहुतेक सोडावे लागले. त्याच सुमारास इंग्लंडांत सरकारी तपासणी झाली, तींत बासमती म्हणून विकल्या जाणाऱ्या नमुन्यांपैकीं सुमारें ४६ टक्क्यांत दुसऱ्या तांदळाची भेसळ निघाली. ती ओळखली गेली ती नाकानें नव्हे, बीजद्रव्याच्या परीक्षेनें. २०१६ मध्यें आपल्या देशांत बासमतीस भौगोलिक मानांकन मिळालें: पंजाब, हरियाणा, हिमाचल, दिल्ली, उत्तराखंड, पश्चिम उत्तर प्रदेशाचे जिल्हे आणि जम्मूकडील कांहीं भाग यांतच पिकलेला तो बासमती. मध्य प्रदेशानें आपलाही हक्क सांगितला, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ मध्यें पाकिस्ताननेंही आपल्याकडे हेंच मानांकन नोंदविलें. वारिस शाहच्या पंजाबास दोन तुकड्यांचें भान नव्हतें. आतां त्याच्या शब्दाची मालकी दोन सरकारें परदेशच्या दप्तरांत सांगत आहेत. दोन्ही पक्षांचें म्हणणें खरें आहे, हेंच या वादांतलें दुःख होय.

आतां स्वयंपाकघरांत येऊं, कारण तांदळाचा अखेरचा न्याय तेथेंच होतो. ज्या पाकांसाठीं हा तांदूळ प्रसिद्ध झाला ते पुलाव, बिर्याणी आणि जर्दा होत. तांदूळ हलक्या हातानें धुवावा, अर्धा तास भिजवावा, भरपूर आधणांत थोडा कच्चा असतांच वेळून काढावा आणि मग मंद आंचेवर झांकून दम द्यावा; एवढ्या पथ्यानें शीत न मोडतां वाढतें. 'आईन-इ-अकबरी'मध्यें 'जर्द बिरिंज' या गोड भाताचें प्रमाण दिलें आहे: दहा शेर तांदळास पांच शेर खडीसाखर आणि साडेतीन शेर तूप, शिवाय केशर, दालचिनी, आलें, बेदाणे, बदाम व पिस्ते. आमच्या साखरभाताचें तें जवळचें नातलग दिसतें. येथें शीत अखंड व सुटें हवें, म्हणून साबूत तांदळास पैसे मोजणें योग्य. परंतु खिरीस, फिरनीस किंवा रोजच्या भातास लांबीचें काय काम? तेथें चांगल्या वासाचा दुबार किंवा कणी घ्यावी. निम्म्या पैशांत पुरा सुवास पदरांत पडतो. आणि वरणभातास तर बासमती घेऊंच नये असें आमचें मत आहे. वरण धरून ठेवील असा मऊ, किंचित् चिकट भात तेथें हवा. सुट्या शितांवरून वरण ओघळून पानाच्या कडेस जातें.

त्या भातासाठीं आपल्याकडे आंबेमोहोर आहे. दाणा आंखूड, दिसण्यांत साधा. परंतु नांव आंब्याच्या मोहोरावरून पडलेलें, आणि वासाचें द्रव्य बासमतीचेंच. मावळ-मुळशीच्या खाचरांतला आंबेमोहोर आणि आजऱ्याचा घनसाळ यांनाही आतां भौगोलिक मानांकन मिळालें आहे. पण त्यांचीही रोपें उंच व उत्पन्न थोडें. आणि बाजारांत दुसऱ्याच आंखूड जाती आंबेमोहोर म्हणून खपविल्या जातात. जें बासमतीचें झालें तेंच येथेंही होण्यास वेळ लागणार नाहीं. तेथें लांब दाणा पाहून लोक फसले, येथें आंखूड दाणा पाहून फसतील. दोन्हीकडे कारण एकच, हुंगण्याची संवय सुटली हें.

कायदे, मानांकनें आणि परीक्षागृहें आपापल्या जागीं असावींच. तथापि वास टिकतो तो वासाला गिऱ्हाईक असेल तरच. जो शेतकरी थोडें उत्पन्न पत्करून सुवासिक जात पेरतो, त्याला तिचा मोबदला मिळाला नाहीं तर तो ती किती दिवस पेरील? आणि एकदां बियाणें गेलें म्हणजे नुसतें नांव उरतें. म्हणून आम्हीं घरापुरता एक नियम केला आहे. दुकानीं गेल्यावर मूठभर तांदूळ घ्यावा, त्यावर तोंडाची वाफ सोडावी, आणि डोळे मिटून हुंगावा. मग डोळे उघडून लांबी पाहावी. गेल्या महिन्यांत याच रीतीनें पारखून एका वाण्याकडून तुटक्या दाण्याचा स्वस्त तांदूळ आणला. पानांत तो कांहीं देखणा दिसला नाहीं. पण तो चुलीवर असतांनाच ओटीवरून आत्याबाईंची हांक आली, "आज भात कोणता गं टाकलास?"